बाथरूमचं काम काढण्याआधी मिस्त्रींशी काय बोलायचं?

ए-304 : नमस्कार सोसायटीकर. दिवाळीनंतर दोन्ही बाथरूम पूर्ण तोडून नव्याने करायची आहेत. दर विचारत नाहीये, ते कोटेशनमध्ये कळतीलच. कॉन्ट्रॅक्टर, प्लंबर, टाइल्सवाले यांच्याशी बोलायचं कसं, काय लिहून घ्यायचं आणि किती मागे लागायचं, हे जाणकारांनी सांगा.

सी-101 : ताई, आधी तारखेचं. दिवाळीनंतर म्हणजे नक्की कधी? टाइल्सचे बरेच कारागीर राजस्थान, यूपीचे. दिवाळीला गावी जातात. यूपी-बिहारवाल्यांची छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, ती करूनच परततात. कॉन्ट्रॅक्टर 'हो हो, लगेच सुरू करू' म्हणेल, पण माणसं नसतील तर फक्त तोडफोड करून ठेवेल. तोडायला माणूस कुठेही मिळतो. 'तोडणार कधी' हे विचारू नका, 'प्लंबर आणि टाइल्सची टीम कोणत्या तारखेपासून माझ्याकडे' हे विचारा. ती तारीख पक्की झाली की मगच हातोडा.

बी-503 : आणि कोटेशनसाठी तिघांना बोलावणार असाल तर तिघांनाही एकच यादी द्या. एकाला तोंडी सांगितलं, दुसऱ्याला फोटो पाठवला, तिसऱ्याने स्वतःच माप घेतलं, की तीन आकडे येतात आणि तुलनाच होत नाही. एकाच्या रकमेत राडारोडा उचलणं धरलेलं असतं, दुसऱ्याच्यात नसतं.

सी-101 : शिवाय तिघांना सांगा की आणखी दोघांना विचारलंय. लपवू नका, यात कोणालाच राग नसतो. राग येतो तो एकाचं कोटेशन दुसऱ्याला फॉरवर्ड केल्यावर. बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत कळतं. ज्याला काम द्यायचं नाही त्याला तसं कळवा, एका ओळीत. 'दुसरीकडे ठरवलंय, येऊन गेल्याबद्दल आभार.' बस. तो माणूस तुमच्यासाठी तारीख अडवून बसलेला असतो. पुढे कधी एक नळ गळला तर तोच येणार आहे.

बी-702 : मापाचं मी सांगतो, कारण शेवटच्या बिलाचा वाद निम्मा तिथेच असतो. समजा बाथरूम 7 फूट बाय 4 फूट आणि टाइल्स 7 फूट उंचीपर्यंत. भिंतींचा घेर 22 फूट, म्हणजे 154 चौरस फूट. दरवाजा अडीच बाय सात, साडेसतरा चौरस फूट. तो वजा केला तर 136.5. जमीन 28. आता मजुरीत दरवाजा वजा होणार की नाही? काही मिस्त्री वजा करत नाहीत, म्हणतात कडा कापायला मेहनत जास्त. त्यात तथ्य आहे. पण ते आधी ठरवा. 50 रुपये दर धरला तरी एका दरवाजामागे 875 रुपयांचा फरक, आणि तुमची बाथरूम दोन. तसंच खिडकीच्या आतल्या कडा, कोनाडा, ग्रॅनाइटची चौकट, तिचं मोल्डिंग (कडेची गोलाई) हे सगळं रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर जातं. चौरस फुटाच्या दरात ते येत नाही.

टाइल्स मागवताना भिंतीला 10 टक्के जादा धरा, म्हणजे 150 चौरस फूट. जमिनीला 31. सगळी खोकी एकाच बॅचची आणि शेडची, खोक्यावर छापलेलं असतं ते जुळवून घ्या. नंतर आणलेल्या खोक्याची शेड हमखास वेगळी निघते, आणि मग दुकानदार, मिस्त्री, मालक तिघं तीन दिशांना.

ए-304 : काका, हे सोन्यासारखं आहे. लेबर रेटने द्यावं की मटेरियलसकट?

बी-702 : दोन बाथरूमसाठी मी म्हणेन सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, पाइप हे कॉन्ट्रॅक्टरकडे. टाइल्स, कमोड, नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवायचा भिंतीतला कॉक) तुमच्याकडे.

बी-503 : मला हे पटत नाही. पाइप आणि केमिकलसुद्धा स्वतः आणावं. तिथेच हात मारला जातो.

सी-101 : ताई, पाइप तुम्ही आणलात आणि सांधा गळला, तर प्लंबर म्हणणार तुमचा माल खराब. जबाबदारी दोन तुकड्यांत गेली की कोणाचीच राहत नाही. त्यापेक्षा कोटेशनमध्ये कंपनी आणि प्रकार लिहून घ्या. 'सीपीव्हीसी (गरम-थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप), पाऊण इंच, अमुक कंपनी' असं. केमिकलचे डबे साइटवर सीलबंद यायला हवेत, उघडण्याआधी फोटो. हात मारायचाच असेल तर तो तुमच्या मालातही मारता येतो. सिमेंटच्या गोण्या मोजायला तुम्ही दिवसभर थांबणार आहात का?

आणि हमाली! गाडी गेटपर्यंत येते, वर चढवायचं कोणी? टाइल्स आणि वाळू लिफ्टने न्यायची नाही असा आपला नियम आहे. मजल्याप्रमाणे चढाईचे पैसे कोण देणार, ते यादीत टाका.

ए-304 : आता फोनचं. मी ऑफिसात असते. दिवसातून किती वेळा फोन करणं बरं दिसतं?

सी-101 : दोनदा पुरतो. सकाळी साडेआठ-नऊला, काम सुरू व्हायच्या आधी. संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळात मिस्त्रीचे हात सिमेंटमध्ये असतात. फोन उचलला नाही म्हणजे टाळतोय असं नसतं. लांबलचक मेसेज वाचले जात नाहीत. एका व्हॉइस नोटमध्ये एकच मुद्दा, अर्ध्या मिनिटाच्या आत. फोटोवर बोटाने गोल करून पाठवा. माप फूट-इंचात सांगा, तेही त्यांच्या सवयीने: इंच आणि सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरमध्ये सांगितलंत तर 'ठीक है' येईल आणि जागेवर वेगळंच होईल.

बी-503 : 'ठीक है' म्हणजे ऐकलं, एवढाच अर्थ. समजलं की नाही ते कळायला उलट विचारा, 'मग गीझरचा पॉइंट कुठे घेणार, भिंतीवर खूण करून फोटो टाका.' 'बघतो' म्हणजे बहुतेक नाही. 'उद्या येतो'वर लगेच तीन प्रश्न: किती वाजता, कोण येणार, काय करणार. आवाज न चढवता. एवढं विचारलं की खोटं 'उद्या' गळून पडतं.

बी-702 : घरातून सांगणारा माणूस एकच ठेवा. नवरा म्हणतो शॉवर डावीकडे, बायको म्हणते उजवीकडे, आजी म्हणतात बादलीचा नळ खाली घ्या. मिस्त्री शेवटी जो समोर उभा असेल त्याचं ऐकतो. आणि सूचना कॉन्ट्रॅक्टरला द्यायच्या, मजुराला नाही. मजुराने तुमच्या सांगण्यावरून बदल केला की तो 'एक्स्ट्रा' होतो, आणि तसा होणं न्याय्यच आहे.

सी-101 : एक्स्ट्रासाठी साधी रीत. काम करण्याआधी ग्रुपवर एक ओळ: 'वॉश बेसिनखाली कडाप्प्याचा ओटा, 3 फूट, मजुरी इतकी, माल तुमचा, हो का?' समोरून 'हो' आलं की काम. असा ग्रुप काढाच. तुम्ही, कॉन्ट्रॅक्टर, प्लंबर, टाइल्सवाला. नातेवाईक नकोत.

बी-702 : त्या ग्रुपचा खरा उपयोग ताबा देण्याघेण्याला. वर्षभराने खालच्या घराच्या छताला ओल आली की प्लंबर म्हणतो वॉटरप्रूफिंग गेलं, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो टाइल्सवाल्याने न्हाणी ट्रॅपजवळ (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) छिन्नी मारली, टाइल्सवाला म्हणतो पाइपच गळतोय. म्हणून प्रत्येकाने आपलं काम संपलं की पुढच्याला दाखवून द्यायचं. प्लंबरने लाइनला हातपंप आणि गेज लावून रात्रभर प्रेशर ठेवायचं, सकाळी काटा तिथेच असल्याचा फोटो. सीपीव्हीसीचे सांधे सुकायला वेळ द्यायचा, चिकटवल्याबरोबर प्रेशर दिलं तर चांगला सांधाही सुटतो. मग भिंतीतल्या सगळ्या पाइपचे फोटो, शेजारी टेप उघडून धरलेला, माप वाचता येईल असे. पुढे आरसा किंवा टॉवेल रॉड ठोकताना हेच फोटो वाचवतात.

त्यानंतर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर निदान फूटभर वर चढवलेलं. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या तोंडाशी जाळी. पूर्ण सुकल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलची खूण, 48 तास. पातळी उतरली की लगेच वॉटरप्रूफिंगवाल्यावर ओरडू नका. निम्म्या वेळा ट्रॅपमध्ये कोंबलेलं बुचच गळत असतं. आधी ते बघा, पुन्हा भरा, मग बोला.

ए-204 : पाणी भरणार त्या दोन दिवसांची तारीख मला आधी कळवा प्लीज. तुमच्या खालीच आमचं बाथरूम. फॉल्स सीलिंगचं झाकण काढून ठेवीन, म्हणजे स्लॅब दिसेल.

सेक्रेटरी : हे उत्तम. काम सुरू होण्याआधी खालच्या आणि शेजारच्या घराला सांगणं हे सर्वांनीच करावं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावली) संडास-बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीची. बीम, कॉलमला हात लावायचा नाही. न्हाणीची पातळी खाली घ्यायला स्लॅब तासू देणार नाही.

बी-503 : कमोड आधी आणा, मग प्लंबरला बोलवा. खाली निघणारा एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, 9 इंच आणि 12 इंच दोन्ही मिळतात. प्लंबर माप घेतो कच्च्या विटेपासून. वर प्लास्टर आणि टाइल आली की एक इंच जातो, आणि कमोडची टाकी भिंतीला अडते. 'टाइल झाल्यावर 12 इंच' हे शब्द वापरा.

सी-101 : डायव्हर्टरचंही तेच, आणि यात सगळ्यात जास्त टाइल्स फुटतात. भिंतीत बसवायच्या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं, त्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेघांच्या मधे यायला हवा. बॉडी खोल गेली तर बाहेरची प्लेट आणि दांडा पुरत नाही, एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं, ते प्रत्येक मॉडेलला मिळतंही नाही. बाहेर राहिली तर प्लेट भिंतीला टेकत नाही. प्लंबरला बॉडी बसवताना टाइलची जाडी माहीत नसेल तर तो अंदाजाने बसवतो. म्हणून टाइलचा एक तुकडा त्याच्या हातात द्या आणि विचारा, 'प्लास्टर किती, चिकटवण किती, टाइल किती, मिळून कुठे येतंय?' ते प्लास्टिकचं झाकण टाइल्स होईपर्यंत काढायचं नाही, हे टाइल्सवाल्यालाही सांगा.

ए-304 : आणि पैसे? अर्धे आधी मागतात असं ऐकलं.

बी-702 : अर्धे नका देऊ. 20-25 टक्के सुरुवातीला, मग टप्पे: प्रेशर टेस्ट झाल्यावर, पाणी भरून बघितल्यावर, टाइल्स संपल्यावर. शेवटचे 10 टक्के नळ बसवून, ढाळ तपासून. बादलीभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओता, सगळं ट्रॅपकडे जायला हवं. सात फुटांना इंचभर ढाळ पुरतो.

सी-101 : टप्पा झाला की मात्र पैसे त्याच दिवशी. 'साहेब टूरवर आहेत' नको. मजुरांची खर्ची आठवड्याला, बहुधा शनिवारी निघते. तुमचा टप्पा गुरुवारी झाला आणि पैसे सोमवारी गेले, तर रविवारी ती माणसं दुसऱ्या साइटवर गेलेली असतात. यूपीआय करा, शेऱ्यात टप्पा लिहा. मजुराच्या हातात परस्पर पैसे देऊ नका, आणि 'पुढचं काम थेट माझ्याकडून घे' हेही नको. कॉन्ट्रॅक्टरला कळलं की तुमचं काम मागे पडतं. बिलावर जीएसटी हवा असेल तर तेही सुरुवातीलाच बोला, शेवटी 18 टक्के वाढले की दोघंही चिडतात.

बी-503 : पिण्याचं पाणी आणि संडास कुठला वापरायचा, हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या. दोन्ही बाथरूम एकदम तोडलीत तर तुमचीही पंचाईत आणि त्यांचीही. एकामागून एक करा. आणि वयस्कर मिस्त्रीला 'ए' करू नका, 'मिस्त्री' किंवा 'मामा' म्हणा.

सेक्रेटरी : कामगारांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती आदल्या दिवशी गेटवर द्या. वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 6, दुपारी 2 ते 4 ठोकाठोकी बंद, रविवारी काम नाही. हे कोटेशन मागतानाच कॉन्ट्रॅक्टरला सांगा. दिवसाचे तोडफोडीला सहाच तास मिळतात, त्याचा दिवसांचा हिशोब त्यावर बसायला हवा. राडारोडा गोण्यांत भरून, पार्किंगमध्ये एका रात्रीपेक्षा जास्त नाही.

ए-304 : यादी आज रात्री करते. काका, टाइलची जाडी दुकानात कुठे कळेल? आणि प्लास्टर किती धरायचं?

बी-702 : टाइलची जाडी खोक्यावर असते. नसेल तर दुकानात स्केल लावा, भिंतीची साधारण तीन सूत निघेल. प्लास्टर अर्धा इंच धरा, पण तुमच्या बिल्डिंगच्या भिंती ओळंब्यात नाहीत. जुनं प्लास्टर काढल्यावर मिस्त्रीला ओळंबा लावून चारही भिंती दाखवायला सांगा. कुठे अर्धा, कुठे इंच लागेल. डायव्हर्टर ज्या भिंतीवर आहे तिचा आकडा प्लंबरला ग्रुपवर लिहून द्या.

सी-101 : आणि त्या भिंतीवर टाइल चिकटवायच्या केमिकलने लावणार की सिमेंटने, हेही. सिमेंटचा थर जाड असतो, सगळं माप पुढे सरकतं.