जंतांच्या इंजेक्शननंतरचे शेण आणि शेणातले भुंगे : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकच्या बाजूला आमच्या नऊ डांगी गाई आहेत. त्या दिवसभर गायरानात चरतात, त्यामुळे त्यांचे बरेचसे शेण माळावरच पडते आणि ते मातीत घालण्याचे काम पहिल्या पावसाबरोबर निघणारे भुंगे करतात. यंदा जे पाहिले त्यावरून पुढच्या पावसाळ्यात हे भुंगे किती उरतील, याची मला काळजी लागली आहे.

जूनमध्ये, घटसर्प-फऱ्याच्या लसीच्या सुमारास, सात गाईंना जंत आणि गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले. उरलेल्या दोन गाई तेव्हा भावाच्या वस्तीवर होत्या, त्यामुळे त्या सुटल्या. आठवडाभराने सकाळी गाई सोडताना कोणत्या गाईने कुठे शेण टाकले ते पाहून मी प्रत्येक पोवाशेजारी खुणेचे दगड ठेवले. भुंगे दोन्हीकडे सारखेच आले. दुसऱ्या दिवशी सगळे पोव चाळणीसारखे झाले होते आणि कडेला तांबड्या मातीचे लहान ढीग दिसत होते. वरवर पाहून मी निश्चिंत झालो असतो. तीन आठवड्यांनी मात्र खुरप्याने हळूहळू खाली उकरले, तेव्हा इंजेक्शन न दिलेल्या गाईंच्या शेणाखाली बोराएवढ्या गोळ्या निघाल्या आणि त्या फोडल्यावर आत पांढरी, वळलेली, जिवंत अळी होती. दुसऱ्या बाजूला गोळ्या तशाच होत्या, पण फोडलेल्या अकरांपैकी नऊंमध्ये काहीच नव्हते, आणि दोनांत वाळून काळी पडलेली बारीक अळी होती.

(ही हुमणी नव्हे. हुमणी पिकाची मुळे खाते. ही अळी आईने पुरून ठेवलेल्या शेणावरच वाढते. दिसली की ठेचू नये, ही विनंती.)

त्यानंतर जे वाचले त्यातून कारण समजले. आयव्हरमेक्टिनचा बहुतांश भाग जनावराच्या शरीरात न मोडता पित्तावाटे शेणात उतरतो. ते जंतांच्या नसा-स्नायूंतील ज्या क्लोराइड मार्गिकांवर काम करते, त्या कीटकांतही असतात. म्हणून जंतांना मारणारे औषध शेणातल्या अळ्यांनाही सोडत नाही. मोठे भुंगे बहुधा तगतात, पण त्यांची पिढी पुढे सरकत नाही, आणि इंजेक्शननंतरचे शेण कित्येक दिवस, काही कीटकांसाठी तर महिनाभरही, घातक राहू शकते. मला सर्वांत जास्त खटकते ती वेळ. पावसाळ्यापूर्वी जंतनाशक द्यायचे ही आपली जुनी शिस्त आहे आणि भुंग्यांची वीण नेमकी त्याच पंधरवड्यात सुरू होते. अंजनेरीची गिधाडे पाहत वाढलेल्या आम्हा लोकांना जनावराचे औषध जनावरापुरते राहत नाही हे वेगळे सांगायला नको. जनावरांना देत ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांना मारत होते; त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

आता प्रश्न. फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल या औषधांचा शेणातल्या भुंग्यांना फारसा त्रास होत नाही, असे वाचले. आमच्याकडे भाताच्या खाचरांमुळे पर्णकृमींचाही (पानासारख्या चपट्या जंतांचाही) त्रास असतो आणि त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन चालतच नाही. तेव्हा दवाखान्यात शेण तपासून, ज्या गाईला खरोखर जंत आहेत तिलाच आणि तेही तिच्या जंतांना लागू पडणारे औषध द्यावे, असा विचार आहे. डोंगराळ, जास्त पावसाच्या भागात कोणी असे करून पाहिले आहे का? तपासणी कोणत्या महिन्यांत केली आणि गाभण गाईंचे काय केले?

खरा पेच गोचिडांचा आहे. पाठीवर ओतायची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधेही शेणातल्या कीटकांना मारतात, आणि लम्पीच्या साथीपासून गोचीड राहू देण्याची हिंमत होत नाही. गोचीड अंडी घालते ती जमिनीवर आणि भिंतीच्या फटींत. म्हणून फटी लिंपून, गव्हाणीखालची जागा मोकळी करून, औषध गाईऐवजी गोठ्यालाच मारल्याने कोणाला पुरेसा उतार पडला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. करंज तेलाचा अनुभवही चालेल, फक्त किती दिवसांनी पुन्हा लावावे लागते ते सांगावे.

शेवटचे, आयव्हरमेक्टिन टाळताच आले नाही तर ते हिवाळ्यात देऊन, महिनाभर गाई गोठ्यात बांधून, त्या दिवसांच्या शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात, असे मनात आहे. हे औषध उन्हात लवकर मोडते, आणि गोवऱ्या जूनमध्ये वाळतही नाहीत. पण महिनाभर नऊ गाईंना वैरण पुरवणे मला जड आहे. किती दिवस बांधल्यास निदान मोठा धोका टळेल, हे पशुवैद्यक किंवा कीटकांचे अभ्यासक असलेल्या सभासदांनी सांगितल्यास मी त्याप्रमाणे आत्तापासून कडब्याची सोय करीन.