या वयात हे शोभतं का? आणि यांच्या खिशातली गोळी

लालबागची_काकू: नाव टाकत नाही. मी 58, हे 64. मुलगा-सून नालासोपाऱ्याला राहायला गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच खोलीत आम्ही दोघंच, कडी लावायला निमित्त शोधावं लागत नाही. पण आता मला दुखतं, कोरडं पडलंय, नंतर लघवीला जळजळतं, आणि यांना शुगरमुळे जमत नाही, मग भिंतीकडे तोंड करून झोपतात. परवा धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात निळी गोळी सापडली, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली म्हणे. अँजिओप्लास्टी झालीय हो यांची. डॉक्टरला विचारायचं तर तो माझ्या मुलाच्या वयाचा. या वयात शोभतं का हे?

रिटायर्ड_सिस्टर: शोभायचं नंतर बघू, आधी यांच्या औषधांच्या डब्यात सॉर्बिट्रेट आहे का बघा, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती. ती आणि सिल्डेनाफिल, म्हणजे ही निळी गोळी, एकत्र पोटात गेली तर बीपी इतकं खाली येतं की माणूस हातचा जातो. निळीनंतर 24 तास, टॅडालाफिल (त्याच कामाची दुसरी गोळी) असेल तर 48 तास सॉर्बिट्रेट नाही म्हणजे नाही. आणि कॅज्युअल्टीत न्यायची वेळ आली तर गोळीचं पहिल्यांदा सांगा. बायका नेमकं तेच लपवतात, वॉर्डात खूप बघितलंय.

मुलुंडचे_नाना: यजमानांना सांगा एकटे नाहीत 😀 माझं हार्टच्या आधी दोनेक वर्षं हेच सुरू झालेलं, वय झालं म्हणून गप्प बसलो. नंतर डॉक्टर म्हणाले, तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, त्यामुळे ब्लॉकेजचा त्रास कधीकधी तिथे आधी जाणवतो. मग हृदयाला हे झेपेल का बघायला विचारतात, दोन जिने न थांबता चढता का, म्हटलं साहेब लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, चौथ्या मजल्यावर राहतो.

मीनल_दादर: काकू, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा पातळ पडते, म्हणून दुखतं आणि जळजळतं. मी पण वर्षभर दात-ओठ खाऊन सहन केलं, मूर्खपणा. पाण्याच्या बेसचं जेल मेडिकलमध्ये मिळतं, त्यानं नाही भागलं तर गायनॅक आत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देते (ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर आधी सांगायचं). रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा.

लालबागची_काकू: डबा बघितला. सॉर्बिट्रेट आहे, पत्ता अर्धा संपलेला. निळी गोळी मी चहापत्तीच्या डब्यात लपवलीय. हे भजनाहून आले की बोलते.