हवाईच्या गावांची हिस्पॅनिक टक्केवारी: कामाची की कुचकामी?

रानवारा (धागाकर्ता)

परवा हवाईच्या गावांची एक यादी वाचनात आली. कुठल्या गावात हिस्पॅनिक-लॅटिनो (म्हणजे स्पेन किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेतलं मूळ असलेले) लोक किती टक्के, उतरत्या क्रमाने. वरची नावं वाचून हसूच आलं. सैन्याची छावणी आणि कॉफीच्या मळ्यांतलं खेडं एकाच रांगेत उभं! हे म्हणजे देवळालीच्या तोफखान्यातले जवान मोजून नाशिककर कोण ते ठरवण्यासारखं झालं.

मुळात हवाईत कायद्याच्या दृष्टीने गावं नाहीतच. नगरपालिका नाहीत, महापौर असतो तो अख्ख्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा. यादीतली ‘गावं’ म्हणजे जनगणना खात्याने मोजणीच्या सोयीसाठी नकाशावर आखलेल्या वस्त्या.

राज्याचा आकडा सरळ आहे: २०१० मध्ये ८.९ टक्के, २०२० मध्ये ९.५. पण त्यात आहे कोण? ८ ऑगस्ट १८९९ ला सान सिरियाको नावाचं चक्रीवादळ पोर्तो रिको ह्या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावर आदळलं. कॉफीचे मळे आडवे झाले, माणसं उघड्यावर आली. तिकडे हवाईचे साखर-मळेवाले मजुरांसाठी कासावीस. चिनी मजुरांना दार बंद झालेलं. १९०० साली हवाई रीतसर अमेरिकेचा प्रदेश झाल्यावर जुनी करारबद्ध मजुरीही बेकायदा ठरली, म्हणजे जपानी मजुराला मालक सोडून जायची मोकळीक मिळाली. मग मुकादम पोर्तो रिकोत पोचले. बोटीने न्यू ऑर्लिन्स, आगगाडीने कॅलिफोर्निया, पुन्हा बोटीने होनोलुलू असा प्रवास. पहिल्या तुकडीतली निम्मी माणसं कॅलिफोर्नियातच गळाली. उरलेली ५६ जणं २३ डिसेंबर १९०० ला होनोलुलूत उतरली. पुढच्या वर्षभरात पाच हजारांवर माणसं आली.

त्यांचे पणतू आज ‘हिस्पॅनिक’. गेल्या वर्षी टेक्सासहून बदलीवर आलेला शिपाई ‘हिस्पॅनिक’. कोना ह्या हवाईच्या कॉफीपट्ट्यात उतारावर कॉफी खुडणारा मेक्सिकन मजूरही ‘हिस्पॅनिक’. पहिल्याला बहुधा स्पॅनिश येत नाही, दुसरा तीनेक वर्षांत निघून जाणार, तिसऱ्याला कागदपत्रांची धास्ती. ह्या तिघांना एका टक्केवारीत कोंबून त्या गावाबद्दल काय कळतं? माझ्या मते काही नाही. असल्या याद्या बंद व्हाव्यात.

आकडेशास्त्री

असहमत. लेबल ढोबळ आहे म्हणून मोजणीच नको, हा कुठला न्याय? ‘महाराष्ट्रीय’ हेही ढोबळ लेबल आहे, म्हणून आपण राज्य मोजायचं सोडलं का?

काउंटीवार बघा. २०१० च्या जनगणनेत होनोलुलू काउंटी ८.१ टक्के, कावाई ९.४, माउई १०.१, आणि बिग आयलंड म्हणजे हवाई काउंटी ११.६. सैन्य मुख्यतः होनोलुलू काउंटीत, तरी तिथेच टक्का सगळ्यात कमी. म्हणजे ‘सगळा खेळ छावण्यांचा’ हे काउंटीच्या पातळीवर टिकत नाही. शेती आणि पर्यटनाच्या बेटांवर टक्का जास्त, हे ह्याच ‘निरुपयोगी’ आकड्यांनी सांगितलं ना?

आणि पोटभेद जनगणनेत असतातच. २०१० मध्ये १ लाख २० हजार हिस्पॅनिकांपैकी ४४ हजार पोर्तो रिकन, ३५ हजार मेक्सिकन. रकाना उघडायचे कष्ट घ्या की.

रानवारा

@आकडेशास्त्री, काउंटीचा मुद्दा मान्य. पण मी गावांच्या यादीबद्दल बोलतोय. स्कोफिल्ड बॅरॅक्स आणि त्याला चिकटलेलं वाहिआवा, दोन्ही यादीत दोन गावं म्हणून येतात. एक छावणी, दुसरं अननसाच्या मळ्यांवर वाढलेलं जुनं गाव. रकाना उघडायला सांगताय, पण यादी फिरते ती एका आकड्यावर.

ताई_पर्लसिटीवाली

मी ओआहूवर, म्हणजे होनोलुलूच्या बेटावर, एकोणीस वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. आमच्या शेजारच्या आजींचं आडनाव स्पॅनिश, चेहरा कुठलाही म्हणा, भाषा पिजिन, म्हणजे मळ्यांवर घडलेली हवाईची मिश्र इंग्रजी. नाताळच्या आधी त्यांच्या गॅरेजमध्ये अख्खं खानदान पास्तेले बांधायला बसतं. हिरवी केळी किसायची, आत डुकराचं मांस, पानात गुंडाळून उकडायचं. आपल्या पातोळ्यांची कुळी, फक्त तिखट आणि सामिष. सोबत गांदुले राइस, म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात. तूर दिसली तेव्हा मला भरूनच आलं हो!

त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही हिस्पॅनिक का? म्हणाल्या, “नाही गं, आम्ही पोर्तो रिकन.” फॉर्मवर मात्र टिक करतात. त्यांच्या संगीताला इथे ‘काची-काची’ म्हणतात. ग्विरो नावाचं खरवडायचं वाद्य असतं, त्याच्या आवाजावरून मळ्यांतल्या जपानी मजुरांनी हे नाव पाडलं म्हणे. वाइपाहूला मळ्यांचं जे खुलं संग्रहालय आहे त्यात जपानी, फिलिपिनो घरांच्या ओळीत एक पोर्तो रिकन घरही आहे. तिथे पाहुण्यांना नेते तेव्हा सगळे विचारतात, हे इथे कसे? म्हणून मोजणी हवीच असं मला वाटतं. सव्वाशे वर्षं राहून ‘हे इथे कसे’ ऐकावं लागणं बरं नाही.

मडगांवचो_पाव

माका हांसपाक येता. आमचं आडनाव फर्नांडिस. न्यू जर्सीत दुकानदार माझ्याशी थेट स्पॅनिशमध्ये सुरू होतो, मी कोकणीत उत्तर देतो, दोघंही खूश. पण जनगणनेत मी हिस्पॅनिक नाही. पोर्तुगीज वारसा त्यात धरत नाहीत.

हवाईत ह्याची खरी गंमत आहे. १८७८ पासून मदेरा आणि अझोरेसहून हजारो पोर्तुगीज तिथे मळ्यांवर गेले. युकुलेलेचा पूर्वज असलेलं छोटं तंतुवाद्य मदेराच्याच लोकांनी नेलं. ते हिस्पॅनिक नाहीत. फिलिपिनो लोक तर हवाईतला केवढा मोठा समाज, आडनावं सांतोस, क्रूझ, रेयेस, तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य. तेही त्यात नाहीत. आणि १९०७ मध्ये स्पेनच्या मालागाहून ‘हेलिओपोलिस’ बोटीने आलेले अस्सल स्पॅनिश मजूर मात्र हिस्पॅनिक, फक्त ते बहुतेक सगळे पुढे कॅलिफोर्नियाला निघून गेले! व्याख्या एकदम पक्की, माणसं गायब.

२०२० च्या वार्षिक अमेरिकन पाहणीत तर कोडिंगच्या चुकीने चार लाखांवर ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून नोंदले गेले. आदल्या वर्षी ते जेमतेम चौदा हजार होते. एका रात्रीत कोणी पोर्तुगीज विसरलं नव्हतं. म्हणून रानवारा, तुमच्या बाजूने एक मत.

निवृत्त_मास्तर

एक जुनी गोष्ट सांगतो. १९१० ते १९३० च्या जनगणनांत हवाईपुरते पोर्तुगीज, स्पॅनिश आणि पोर्तो रिकन असे तीन वेगळे रकाने होते, आणि चौथा ‘इतर गोरे’. आजच्यापेक्षा बारकाईची मोजणी, रानवारा ह्यांना हवी तशी. पण ती कोणाच्या सोयीची होती? मळ्यावर कोणत्या देशाचे लोक कुठल्या वस्तीत, कोणाला किती मजुरी, सगळे वंशाप्रमाणे ठरलेले. १९०९ चा जपानी मजुरांचा मोठा संप मुख्यतः ह्याच वेगवेगळ्या मजुरीविरुद्ध होता. बारीक रकाना म्हणजे न्याय, असे समजू नका.

दुसरे, नुसते मोजून हक्क मिळत नाहीत. १९१७ मध्ये जोन्स कायद्याने पोर्तो रिकनांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तरी होनोलुलूत मॅन्युएल ऑलिव्हिएरी सांचेझ मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले तेव्हा नोंदणी नाकारली गेली. ते कोर्टात गेले आणि हवाईच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. माणूस भांडला म्हणून हक्क मिळाला.

(अवांतर: उसाच्या फडावर उचल घेऊन गेलेल्या माणसाला हे सगळे नव्याने सांगावे लागत नाही.)

आकडेशास्त्री

मास्तर, सांचेझ भांडले हे खरं, पण ‘आम्ही इतके आहोत’ हे म्हणता आलं की भांडायला जोर येतो. आजचं उदाहरण घ्या. मतदानाची कागदपत्रं दुसऱ्या भाषेत द्यायची की नाही, हे अमेरिकन कायद्यात आकड्यावर ठरतं: त्या भाषागटातले, इंग्रजी नीट न येणारे प्रौढ नागरिक काउंटीत दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर असले पाहिजेत. मोजलंच नाही तर हा हिशेब कुठून आणणार?

कोनाचा_उतार

आकडेशास्त्री, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. ‘प्रौढ’, ‘नागरिक’, ‘इंग्रजी नीट न येणारे’. ताईंच्या शेजारच्या आजी इंग्रजी बोलतात, त्या ह्या हिशेबातून गेल्या. छावणीतला शिपाई गेला. मजुरांतले जे नागरिक नाहीत ते गेले. साडेनऊ टक्क्यांची यादी ह्या कायद्याला चिमूटभरही उपयोगी नाही.

मी कॉफीच्या धंद्यात आहे, बिग आयलंडच्या पश्चिम बाजूला जाणं-येणं असतं. होलुआलोआ, केआलाकेकुआ, कॅप्टन कुक (होय, हे गावाचं नाव आहे, आणि कुक ह्या इंग्रज दर्यावर्दीला मारलं ते त्याच्या खालच्याच उपसागरात). तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते आणि जानेवारीपर्यंत संपत येते. उतार इतका की यंत्र चालत नाही, लाल फळ हातानेच खुडायचं, एकाच झाडावर पुन्हा पुन्हा यायचं. पूर्वी हे जपानी कुटुंबं करायची; तिथल्या शाळांची मोठी सुट्टीही एकेकाळी तोडणीच्या हंगामात असे. आता हे काम बरंचसं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांच्या हातात आहे. काही जण आज स्वतः मळे कसतात.

आणि अमेरिकन जनगणनेचा दिवस कुठला? १ एप्रिल. तोडणी संपलेली, हंगामी माणूस दुसरीकडे गेलेला. मोजणीच अशा दिवशी की ज्यांच्यामुळे गावाचा टक्का वाढायचा ते गावात नाहीत. उरलेले दार वाजलं की उघडतीलच असं नाही.

आकडेशास्त्री

हा मुद्दा जबरदस्त आहे, मान्य. त्यात भर घालतो, माझ्याच विरुद्ध जाते तरी. २०२० ची मोजणी किती चुकली हे नंतर पाहणी करून तपासलं, तेव्हा देशभरात हिस्पॅनिक ४.९९ टक्के कमी मोजले गेल्याचं निघालं. आणि हवाई राज्य? ६.७९ टक्के जास्त मोजलेलं! शिवाय त्या वर्षी गोपनीयतेसाठी छोट्या वस्त्यांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली आहे. तेव्हा आठशे-हजार वस्तीच्या ठिकाणी दशांशावरून क्रम लावणं म्हणजे शुद्ध करमणूक.

पण ह्यावरून निघतं ते ‘नीट मोजा’. ‘मोजू नका’ कसं निघेल?

ताई_पर्लसिटीवाली

माउई बेटावरच्या, आगीत जळालेल्या लहायनाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ८ ऑगस्ट २०२३. (रानवारांनी वर दिलेली वादळाची तारीख बघा, तीच.) त्या गावात हॉटेलांत राबणारे फिलिपिनो खूप, आणि स्पॅनिश बोलणारेही होते. आगीनंतर मदतीची माहिती इलोकानो, टागालोग ह्या फिलिपिनो भाषांत आणि स्पॅनिशमध्ये पोचवायला स्वयंसेवकांची धावपळ झाली. कोणाला मदत मागायला जायची भीती वाटते, कोणाच्या घरात कुठली भाषा, हे आधी कोणी विचारलं असतं तर? त्या वेळी मला कोणी टक्केवारी दिली असती तर मी नाही म्हटलं नसतं.

रानवारा

ताई, तुम्ही विचारलेत ते दोन प्रश्न आहेत: भाषा कुठली आणि भीती कशाची. ‘हिस्पॅनिक’ ह्या रकान्यात दोन्हींचं उत्तर नाही. भाषेचा प्रश्न अमेरिकेच्या वार्षिक पाहणीत वेगळा विचारतात, तो लहायनात कामाचा होता, इलोकानोसकट. भीतीचा कोणी विचारत नाही.

मार्च २०२४ मध्ये तर अमेरिकन सरकारने नियम बदलून हिस्पॅनिक हा वंशाच्याच प्रश्नातला एक पर्याय केला. एकापेक्षा जास्त खुणा करता येतात म्हणा. पण आई हवाईयन-चिनी आणि बाप पोर्तो रिकन असलेल्या पोराने किती चौकोन भरायचे? ज्या राज्यात दर चारांतला एक स्वतःला दोन किंवा जास्त वंशांचा म्हणवतो तिथे?

आकडेशास्त्री

सगळे भरायचे. त्यासाठीच चौकोन आहेत.

बरं, तडजोड: छावण्या वेगळ्या काढा, पोर्तो रिकन आणि मेक्सिकन वेगळे दाखवा, शेजारी घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांचा रकाना टाका. मग चालेल यादी?

रानवारा

मग ती यादी राहणार नाही, तक्ता होईल. आणि तक्ता कोणी फॉरवर्ड करत नाही. मला चालेल.

मडगांवचो_पाव

त्यात एक रकाना आडनाव बघून चुकीच्या भाषेत बोलल्या गेलेल्यांचाही टाका. पयलें नांव म्हजें.