व्हीएमसीवर कुणाला घेऊ: नऊ वर्षांचा ऑपरेटर की आयटीआयचा पोरगा?

शिरोलीवाला:
शिरोली एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशिनं), एक म्हातारा लेथ, माझ्यासकट नऊ माणसं. बिडाच्या पंप हाऊसिंगचं मशिनिंग करतो. सेटर, म्हणजे मशिनवर जॉब आणि टूल बसवून देणारा, दिवाळीनंतर कागलला मोठ्या कंपनीत चाललाय. त्याच्या जागेसाठी दोघं आलेत आणि माझं काही ठरेना.

पहिल्यानं नऊ वर्षं फॅनक कंट्रोल (मशिनचा कॉम्प्युटर) चालवलाय, २८ हजार मागतोय. दुसरा आयटीआय मशिनिस्ट, दोन वर्षांचा ट्रेड नुकताच संपवलेला, १४ हजारांत येईल.

दोघांना एकच जॉब लावून बघितला. ४० एमएम बोअर (भोक), एच७ लिमिट, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. पहिल्यानं पाऊण तासात सेटिंग केलं, बोअरगेजवर ४०.०२२ दाखवलं आणि तंबाखू मळत बाहेर गेला. पोरग्यानं तीन तास खाल्ले, एक इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) उडवला. पण मोजायच्या वेळी म्हणाला, "मालक, जॉब गरम लागतोय, थांबून मोजू काय?" थांबलो. आठ-नऊ मायक्रॉनचा (एमएमचा हजारावा भाग) फरक निघाला! तेव्हापासून डोक्यात तो पोरगाच घोळतोय. बायको म्हणते, एका वाक्याला भुललात.

भोसरीचा टर्नर:
वहिनींचं बरोबर आहे. ४०.०२२ गरम म्हणजे थंड होऊन ४०.०१३ धरा, लिमिटातच की! शेड्युल चुकलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. पोराचं रिजेक्शन वर्षभर कोण सोसणार?

एचआरवाली ताई:
पोराला शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या ना. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात ३० किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती, ४ ते २९ असतील तर तुमची मर्जी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १५०० पर्यंत, केंद्र सरकार उचलतं. पोर्टलवर करार नोंदवावा लागतो. मात्र सेटरच्या जागेवर स्वस्तातला माणूस म्हणून त्याला उभा करू नका. ते शिकणं नव्हे.

जुना सेटर:
१९९८ साली मीच तो पोरगा होतो. सात महिने उस्तादाच्या बाजूला नुसता उभा होतो. टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) हातानं टाकू दिला तो आठव्या महिन्यात. पोरगा हुशार आहे, मान्य. पण सेटर गेल्यावर त्याला शिकवणार कोण? तुम्ही? तुमचा दिवस फाउंड्री आणि बँकेतच जात असणार. उस्ताद नसेल तर असली पोरं सहा महिन्यांत बटण दाबणारी होतात, बघितलीत मी.

शिरोलीवाला:
बँकेचं नेमकं ओळखलंत. नऊ वर्षंवाल्याला फोन केला, पोराला शिकवशील का विचारलं. म्हणाला, "शिकवायचे वेगळे किती?" मी ३० हजारांवर गेलो. सोमवारपासून येतोय.

मग पोरग्याला लावला. तो गोकुळ शिरगावात कामाला लागलाय. "तुम्ही आठ दिवस काहीच कळवलं नाहीत, मालक," म्हणाला.