मदत हवी आहे – मोल्सवर्थ आडनावाबद्दल

नमस्कार मंडळी, आपल्या मराठी शब्दकोशवाल्या जेम्स मोल्सवर्थच्या घराण्याचा शोध घेतेय. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, कोश आपण अजून वापरतो पण माणूस कुठल्या गावचा हे कुणी विचारतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आडनाव दुर्मिळ आहे आणि गावावरून आलंय. इंग्लंडमध्ये हंटिंग्डनशायरात मोल्सवर्थ नावाचं छोटंसं खेडं आहे, जुना जिल्हा, आता केंब्रिजशायरात धरतात. तिथून एक शाखा कॉर्नवॉलला गेली, बॉडमिनजवळचा पेनकॅरो वाडा त्यांचाच, १८५५ मध्ये वसाहतमंत्री झालेले सर विल्यम मोल्सवर्थ याच घरातले. दुसरी शाखा आयर्लंडात, रॉबर्ट मोल्सवर्थला १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) केलं, डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट अजून आहे.

तर आपला जेम्स यातल्या कुठल्या शाखेचा? ब्रिटनच्या १८८१च्या जनगणनेवरून आडनाव कुठे किती पसरलंय याचे नकाशे करतात ना, ते कुणी वापरलेत का? आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी आहेत, एन/३ मालिका, त्या घरबसल्या बघायच्या तर कसं करायचं? तिकडे राहणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.