मदत हवी आहे: दहा वर्षांचा आश्वासित प्रगतीचा लाभ अडकवून ठेवलाय, काय करू?

खाडीकाठ
जाणकारांनी जरा लवकर सांगा. माझी १०-२०-३० ची फाईल (आश्वासित प्रगती योजना, पदोन्नती नसली तरी दहा, वीस, तीस वर्षांनी वरचा पगार) तिसऱ्यांदा परत आली. माझ्या मागून लागलेल्या दोघांना लाभ मिळाला, त्यांच्या पार्ट्या खाऊन झाल्या. मला टेबलावरचे म्हणतात, "तुमचं बसत नाही." का बसत नाही ते लेखी देत नाहीत. वरून महागाई भत्त्याचा फरक, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते, सगळ्यातच आमची बोंब. कोणाकडे तक्रार करायची तेवढं सांगा. नियम मला माहीत आहेत.

वाडीवरचो
तुका नियम म्हायत असत तर आमका कित्याक इचारतंस मरे? खंयचा खातां, कधी लागलंस, कायच लिवक नाय. हापूस इकूक इलंस काय हयसर, भाव सांगा म्हणान?

लेखाशीर्ष
वाडीवरचो बरोबर बोलतायत. राज्य शासन की जिल्हा परिषद? पद कोणतं? नेमणूक कधीची? नियमित आहे की अनुकंपा, कंत्राटी वगैरे काही मागे जोडलेलं आहे? विभागीय परीक्षा पास आहात का? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाज असेल.

हापूस_ब्रिगेड
हे सगळे लाभ म्हणजे लॉलीपॉप आहे. मुख्य मागणी एकच, जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या प्रत्येकाने आधी हे समजून घ्या. मार्च २०२३ चा संप आठवतोय ना? तेव्हा घरी बसलेले आज फरक मागतायत.

खाडीकाठ
@लेखाशीर्ष जिल्हा परिषद. कनिष्ठ सहायक, एका पंचायत समितीत. ऑगस्ट २०१२ ला सरळसेवेने लागलो. परीक्षा पास. मूळ वेतन आत्ता ३०२००. रत्नागिरी की सिंधुदुर्ग ते विचारू नका, इथे आमच्या ऑफिसातले पण वाचतात.
@हापूस_ब्रिगेड संपात मी सातही दिवस होतो.

लेखाशीर्ष
म्हणजे ऑगस्ट २०२२ ला दहा वर्षं झाली, तेव्हा मूळ वेतन २७६०० असणार. कनिष्ठ सहायक एस-६ या वेतनस्तरात, पुढचं पद वरिष्ठ सहायक एस-८ मध्ये. एस-६ मध्येच एक वेतनवाढ धरा, २८४००. एस-८ च्या रकान्यात २८४०० नाही, पुढचा आकडा २८७००. म्हणजे त्या दिवशी मूळ वेतनात ११०० चा फरक. आज एस-८ मध्ये ३१४०० वर असता, फरक १२००. त्यावर महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर महिन्याला १८६०, घरभाडे वेगळं. थकबाकी साठ हजारांच्या आसपास जाईल.

खाडीकाठ
२७६०० च होतं! तुम्हाला कसं कळलं?

लेखाशीर्ष
अकरा वर्षं हेच करतेय. एस-६ चा रकाना तोंडपाठ आहे, पाढ्यांसारखा.

गुरुजी_दुर्गम
आम्हा शिक्षकांचं तर याहून वाईट आहे. आम्हाला १०-२०-३० नाहीच. बारा वर्षांनी चटोपाध्याय म्हणजे वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, आणि ती पण वरिष्ठ श्रेणीतल्या वीस टक्क्यांनाच. प्रशिक्षण पूर्ण करा, प्रमाणपत्र जोडा, मग यादीची वाट बघा. माझी चोवीस वर्षं होऊन गेली. निवड श्रेणीचा प्रस्ताव कोणी नुकताच पाठवलाय का? सोबत काय काय जोडलंत?

पालघरकर
खाडीकाठ, एकस्तर वेतनश्रेणी मागा. ६ ऑगस्ट २००२ चा जीआर आहे. मी मोखाड्याला असताना घेतली होती. वरच्या पदाची वेतनश्रेणी, तीही पहिल्या दिवसापासून. दहा वर्षं थांबायची गरजच नाही.

लेखाशीर्ष
अहो, एकस्तर आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्राला आहे. जव्हार-मोखाड्याला ठीक. दक्षिण कोकणात कुठून आणायची? आणि त्या भागातून बदली झाली की ती जाते, हेही सांगा.

पालघरकर
गेली ना. म्हणूनच तर सांगतोय, मिळते तोवर घ्यावी.

जुना_बस्ता
मी आस्थापना शाखेतून निवृत्त झालो, असल्या फायली आयुष्यभर बांधल्या. खाडीकाठराव, एक सरळ प्रश्न. तुम्हाला मधल्या काळात पदोन्नतीचा आदेश आला होता का? आणि तुम्ही हजर झाला नाहीत का? मागच्यांना मिळालं, तुम्हाला नाही, आणि कोणी लेखी द्यायला तयार नाही, याचा अर्थ दहातल्या नऊ वेळा एकच असतो.

मॅटवाला
इतकी चर्चा कशाला? सरळ मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज टाका. माझ्या मेव्हण्याचं वेतन निश्चितीचं प्रकरण दीड वर्षात निकाली निघालं, व्याजासकट.

लेखाशीर्ष
मेव्हणे राज्य शासनाचे असतील. मॅट जिल्हा परिषद कर्मचाऱ्याला नाही. त्याला विभागीय आयुक्तांकडे अपील, नाहीतर हायकोर्टात रिट. लोक वकिलाला पैसे देऊन बसतात आणि मग कळतं की दारच चुकलं.

मॅटवाला
सरकारी तो सरकारीच ना. जिल्हा परिषद काय पाकिस्तानात आहे का?

वाडीवरचो
हायकोर्टाक आता मुंबैक जावक नको. कोल्हापूराक सर्किट बेंच झाला, १८ ऑगस्ट २०२५ पासना. रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोनय थंय.

पालघरकर
पण कोल्हापूरला जायचं कुठल्या घाटाने? पावसात करूळ बंद असला की काय कराल?

वाडीवरचो
फोंड्यान जायचा. नायतर आंबा घाट असा. करूळ बंद झालो म्हणान काय घराक बसाचा?

हापूस_ब्रिगेड
आंबा घाटात परवा दोन तास अडकलो होतो. ट्रक आडवा. घाटाचं चौपदरीकरण या जन्मात बघून होईल असं वाटत नाही.

खाडीकाठ
घाट बाजूला ठेवा हो.
@जुना_बस्ता हो, २०२१ ला आदेश आला होता. पण त्याचा याच्याशी काय संबंध? ती पदोन्नती, हा आश्वासित प्रगतीचा लाभ. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं होतं. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पहाटेची एसटी पकडली तरी साडेदहाला पोचलो असतो, आणि परत यायला गाडी नाही. म्हणून गेलो नाही.

वाडीवरचो
ह्या आधी सांगूक काय झालेला?

जुना_बस्ता
संबंध आहे, आणि तोच आहे. ही योजना आलीच मुळी कुंठित होणाऱ्यांसाठी. वरची जागा नाही म्हणून माणूस एका खुर्चीत म्हातारा होतो, त्याला निदान पगार तरी वरचा मिळावा. १९९५ च्या जीआरने ती कालबद्ध पदोन्नती म्हणून आली, तेव्हा बारा वर्षं होती. पुढे २००१ ला आश्वासित प्रगती झाली, मग बारा-चोवीस, आणि २ मार्च २०१९ च्या जीआरने दहा-वीस-तीस, १ जानेवारी २०१६ पासून. प्रत्येक वेळी एक गोष्ट कायम राहिली. ज्याने नियमित पदोन्नती नाकारली त्याला लाभ नाही. लाभ घेतल्यावर नाकारली तर दिलेला लाभही काढून घेतात. शासनाचं म्हणणं साधं आहे: जागा दिली होती, तुम्ही गेला नाहीत, मग कुंठित कसे?

खाडीकाठ
पण मी नाकारली नाही! मी विनंती अर्ज केला होता. प्रत आहे माझ्याकडे. "आईच्या आजारपणामुळे सध्या सदर ठिकाणी हजर होणे शक्य नाही. तरी मला नजीकच्या तालुक्यात पदस्थापना मिळावी, ही विनंती." यात नकार कुठे आहे?

लेखाशीर्ष
हे महत्त्वाचं आहे. पदस्थापना बदलून मागणं म्हणजे पदोन्नती नाकारणं नव्हे. त्या अर्जावर पुढे काय झालं? उत्तर आलं का? सेवापुस्तकात नोंद काय आहे?

खाडीकाठ
उत्तर आलं नाही. सेवापुस्तक बघितलं नाही कधी.

जुना_बस्ता
तेरा वर्षं नोकरी करून स्वतःचं सेवापुस्तक बघितलं नाही! दरवर्षी सही करायची असते त्यावर, त्या पानाच्या वरचं तरी वाचायचं. असो. २०२१ चं पान काढा. लाल शाईत "पदोन्नती नाकारली" अशी एक ओळ असणार, खाली कोणाची तरी गिचमिड सही. तुमची फाईल तीन वेळा परत आली ती त्या ओळीमुळे. वेतन पडताळणी पथक तीच ओळ आधी शोधतं.

मॅटवाला
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं तिकीट लावा. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. कार्यालयाची झोप उडते.

जुना_बस्ता
आपल्याच कार्यालयात पहिल्या झटक्याला माहिती अधिकार टाकू नका. त्या टेबलावरच्या माणसाशी पुढची वीस वर्षं चहा प्यायचाय. आधी साधा अर्ज: सेवापुस्तकाची छायांकित प्रत मिळावी आणि आश्वासित प्रगतीचा प्रस्ताव नामंजूर झाल्याचं कारण लेखी कळवावं. आवक क्रमांक घ्या. महिना थांबा.

लेखाशीर्ष
काका, तुमचा काळ वेगळा होता. चहा पिऊनच ही फाईल तीन वर्षं फिरतेय. माझं मत, अर्ज आणि माहिती अधिकार एकाच दिवशी टाका. आवक क्रमांकही आजकाल मागून मिळत नाही, पोचपावतीसाठी स्पीड पोस्ट करावं लागतं.

जुना_बस्ता
करा बुवा. पण मग वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात काय लिहून येतं तेही बघा.

गुरुजी_दुर्गम
घरभाड्याचंही तसंच. मुख्यालयी राहत नाही म्हणून आमचं काढायला निघाले होते, मग ग्रामसभेचा ठराव आणा. ज्या गावात भाड्याने खोली नाही तिथे राहायचं कुठे, शाळेच्या ओट्यावर?

खाडीकाठ
गेलो होतो आज. रजेवरच्या क्लार्कच्या जागी नवीन मुलगी बसते, तिने सेवापुस्तक लगेच काढून दिलं. तीन वर्षं "कपाटाची चावी साहेबांकडे आहे" असं ऐकत होतो. काका म्हणाले तसंच निघालं. शाई लाल नाही, निळी आहे, एवढाच फरक. "सदर कर्मचाऱ्याने पदोन्नती नाकारली आहे. पहा: त्यांचा अर्ज." खाली सही. माझी सही कुठेच नाही. पानाचा फोटो काढला. आता हे खोडायला कोणाकडे जायचं?

लेखाशीर्ष
उत्तम. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अभिवेदन करा. मुद्दा एकच ठेवा: मी पदस्थापना बदलून मागितली, नकार दिलेला नाही, अर्जाचा चुकीचा अर्थ लावून नोंद झाली. अर्जाची प्रत जोडा. पूर्ण अर्जाची, वरच्या विषयापासून सहीपर्यंत. उत्तर नाही आलं किंवा नामंजूर झालं तर कोकण भवनला आयुक्तांकडे अपील.

खाडीकाठ
पूर्ण अर्जाची म्हणजे मागच्या पानाची पण का?

वाडीवरचो
मागच्या पानार काय असा?

खाडीकाठ
काही विशेष नाही. अर्ज द्यायला गेलो तेव्हा तिथला म्हणाला, असा अर्ज साहेब घेणार नाहीत, शेवटी एक ओळ टाका. मी उभ्या उभ्या लिहिली. "तसे शक्य नसल्यास मला पदोन्नती नको."

जुना_बस्ता
झालं.

मॅटवाला
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगितलं असतं तर आम्ही सगळे जेवायला तरी गेलो असतो.

लेखाशीर्ष
अगदीच झालं असं नाही. ती ओळ सशर्त आहे. "शक्य नसल्यास" असं लिहिलंय, मग नजीकची जागा शक्य आहे की नाही हे आधी कार्यालयाने ठरवून कळवायला हवं होतं. तसं न कळवता थेट नकाराची नोंद घेतली. त्या वेळी शेजारच्या तालुक्यात वरिष्ठ सहायकाचं पद रिक्त होतं का? असेल तर तुमच्या म्हणण्यात दम आहे. हे मात्र माहिती अधिकारातच मागा, काकांची माफी मागून.

जुना_बस्ता
माफी कसली, यावेळी बरोबर आहे. पण मी आशा लावणार नाही. अभिवेदन करा, ते चालू द्या. त्याच वेळी दुसऱ्या कागदावर लिहून द्या की पुढच्या पदोन्नती समितीत माझा विचार व्हावा, मिळेल त्या ठिकाणी हजर होईन. १ जानेवारीच्या ज्येष्ठता यादीत कितवे आहात?

खाडीकाठ
चौथा. वरचे दोघं या वर्षी निवृत्त होतायत. पण मिळेल त्या ठिकाणी कसं लिहू? डायलिसिस सुरूच आहे.

जुना_बस्ता
मग आईच्या आजाराचं जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. समुपदेशनाने पदस्थापना देत असतील तर हातात कागद हवा. २०२१ च्या अर्जाला वैद्यकीय कागद जोडला होता का?

खाडीकाठ
नाही. सगळ्यांना माहीतच होतं ना.

वाडीवरचो
सगळ्यांका म्हायत असता, फायलीक म्हायत नसता रे. आवशीक बरा वाटांदे. सोमवारी जा शिविलात.

हापूस_ब्रिगेड
आठव्या वेतन आयोगात दहा-वीस-तीसचं आठ-सोळा-चोवीस करा अशी मागणी लावून धरायला हवी. राज्याचं कधी होणार, कोणाला अंदाज?

खाडीकाठ
सोमवारी सिव्हिलला जातो, मंगळवारी दोन्ही अर्ज टाकतो. लेखाशीर्ष ताई, अभिवेदनाचा मसुदा इथे टाकला तर बघाल का? मागच्या पानासकट टाकीन.

लेखाशीर्ष
टाका. नाव, तालुका काढून टाका.

गुरुजी_दुर्गम
निवड श्रेणीचं कोणी सांगेल का?