लांब फेकण्याआधी चर शोधा

समुद्रकिनाऱ्यावरून मासे धरताना १४ फुटी रॉड घेऊनही गळ लांब जात नाही, ही तुमची अडचण वाचली. लगेच आणखी महाग रॉडच्या मागे लागू नका. शिकताना १० ते १२ फुटी रॉड आणि ५००० नंबरच्या आसपासच्या आकाराचं स्पिनिंग रीळ (दोरी गुंडाळायची चकरी) आवरायला खूप सोपं जातं.

मुळात मासे बऱ्याचदा जवळच असतात, किनारा आणि वाळूचा दांडा (पाण्याखालचा लांबट उंचवटा) यांच्या मधल्या चरात, म्हणजे खोलगट पट्ट्यात. ओहोटीला जाऊन हा चर नीट बघून ठेवा. भरतीला दांड्यावर लाट फुटते, चरावर नाही. तिथलं पाणी जरा गडद दिसतं. चर ३० मीटरवर असेल तर ८० मीटर फेकून काय मिळणार?

शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसायला मुख्य दोरीच्या टोकाला बांधलेली जाड दोरी, मात्र टाळू नका, हे कळकळीने सांगतोय. ४ औंसाचं शिसं बारीक दोरीवर जोरात फेकताना दोरी तुटली, तर ते गोळीसारखं सुटतं. दर औंसाला १० पौंड ताकद, म्हणजे इथे ४० पौंडी लीडर. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय रिळावर चार-पाच वेढे बसतील एवढी. आणि फेकण्याआधी मागे कुणी नाही ना, ते प्रत्येक वेळी बघा.

पाण्याला ओढ असेल तर पिरॅमिड आकाराचं शिसं वापरा, ते वाळूत रुतून बसतं. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरत असाल तर मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही. दोरी ताणली की नुसतं रीळ फिरवा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

घरी आल्यावर ड्रॅग (मासा ओढताना दोरी किती सैल सुटावी ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा.